कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी का येतो?

पावसाळा सुरू झाला की शहाडच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, लघवी सकाळी दिली, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना?" हिमोग्लोबिन, साखर, मलेरिया यांचे रिपोर्ट काही तासांत हातात पडतात. मग कल्चरलाच दोन-तीन दिवस का लागतात आणि पैसेही जास्त का पडतात, अशी रुग्णांची तक्रार असते. ती रास्तही आहे. काही जण "तोवर थांबायचे कशाला?" म्हणून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेतात आणि नमुना त्यानंतर देतात. घोटाळा तिथेच होतो.

या प्रश्नाचे उत्तर नीट पटायचे तर जंतूंच्या प्रयोगशाळेत एक फेरी मारली पाहिजे. नमुना देऊन आपण बाहेरच्या खुर्चीवरून उठतो, पण आतल्या खोलीत त्याचे काय होते हे आपल्याला कधी दिसत नाही. त्या खोलीतील बहुतेक उपकरणे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तयार झालेली आहेत. गंमत अशी की त्यांपैकी काही आपल्या स्वयंपाकघरातील वस्तूंची सख्खी भावंडे शोभावीत.

सूक्ष्मदर्शक : दिसतो, पण पुरता कळत नाही

पहिले उपकरण सर्वांच्या परिचयाचे, ते म्हणजे सूक्ष्मदर्शक. जंतूची लांबी साधारणपणे एक ते काही मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढी लहान वस्तू दिसण्यासाठी ती सुमारे हजारपट मोठी करावी लागते. सूक्ष्मदर्शकाचे वरचे भिंग दहापटीचे आणि खालचे शंभरपटीचे, असा हा हजाराचा गुणाकार असतो. शंभरपटीचे भिंग वापरताना काचपट्टीवर तेलाचा एक थेंब टाकतात. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो आणि वाया जातो. तेल मध्ये आले की तो सरळ भिंगात शिरतो व चित्र स्पष्ट होते.

मात्र नुसते भिंग पुरत नाही. जंतू जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून त्यांना रंगवावे लागते. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये रंग देण्याची एक पद्धत शोधली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी लाल रंग. काही जंतू जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात, तर काहींचा तो धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. दुसऱ्या एमबीबीएसला हे प्रात्यक्षिक करताना आमची बोटे आठवडाभर जांभळी असत. आजही प्रत्येक जंतूची पहिली विभागणी याच रंगावर होते आणि कोणते अँटिबायोटिक चालण्याचा संभव आहे याचा पहिला अंदाज त्यातून मिळतो.

क्षयाचा जंतू या रंगाला नीट दाद देत नाही. त्याच्यासाठी वेगळा रंग गरम करून वापरावा लागतो. रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. परंतु सूक्ष्मदर्शकाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील, तरच ते काचपट्टीवर सापडतात. म्हणजे काचपट्टी 'निगेटिव्ह' आली म्हणून क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही. रुग्णाने डब्यात बेडक्याऐवजी लाळ आणून दिली असेल, तर मग जगातील सर्वांत महाग सूक्ष्मदर्शकही काही करू शकत नाही.

तारेचा लूप आणि शंभर ठिपके

आता सर्वांत साधे उपकरण पाहू. एका दांडीला बसवलेली बारीक तार, टोकाला गोल वळवलेली. याला लूप म्हणतात. टेक्निशियन ती तार ज्योतीत लालभडक होईपर्यंत धरतो, म्हणजे तिच्यावरचे सर्व जंतू जळून जातात. मग ती निवू देतो, नमुन्यात बुडवतो आणि जंतूंच्या खाद्यावर रेघा ओढतो. शेतात पेरणी करतात तसेच हे काम. पहिल्या रेघांत जंतू दाट पडतात, पुढच्या रेघांत विरळ होत जातात आणि शेवटी एकेकटे पडतात. एकट्या पडलेल्या जंतूपासून जी वसाहत वाढते ती एकाच जातीची असते आणि तिचाच पुढे अभ्यास करता येतो.

लघवीसाठी वापरतात तो लूप मापाचा असतो. त्यात मिलिलिटरचा बरोबर हजारावा भाग मावतो. पेरणीनंतर शंभर वसाहती उगवल्या, तर हजाराने गुणून एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू होते असा हिशेब निघतो. रिपोर्टवर 'एक लाखाहून अधिक' असे जे लिहिलेले असते, ते असे मोजलेले असते. एक लाखाच्या वर म्हणजे बहुधा खरा संसर्ग, हा ढोबळ नियम आहे. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉक्टर त्याहून कमी आकडाही गांभीर्याने घेतात.

आता हा हिशेब बिघडतो कसा ते पाहा. आतड्यातील ई. कोलाय हा जंतू सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तासात आठपट, दोन तासांत चौसष्टपट आणि चार तासांत चार हजार शहाण्णवपट. त्वचेवरून चुकून बाटलीत पडलेले हजार जंतू चार तासांत चाळीस लाखांवर जाऊ शकतात. आपल्या भागातील बरीचशी कलेक्शन सेंटरे नमुने गोळा करून कल्याण, ठाणे किंवा मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. सकाळी सातला घेतलेली लघवी उन्हात टेबलावर बसून राहिली आणि दुपारी गाडीत चढली, तर नसलेला संसर्ग रिपोर्टात उगवतो. म्हणून नमुना तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोचावा. ते जमत नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा. "तुमचा माणूस नमुने किती वाजता नेतो?" हा प्रश्न काउंटरवर विचारायला संकोच करू नये.

चायना ग्रासची बशी

जंतूंना वाढवायचे तर त्यांना जेवण दिले पाहिजे. कॉख यांच्या काळात हे जेवण घट्ट करण्यासाठी जिलेटिन वापरत. अडचण अशी की जिलेटिन शरीराच्या उष्णतेला वितळते, शिवाय काही जंतू तेच खाऊन टाकतात. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस्से यांच्या पत्नी फॅनी यांनी यावर उपाय सुचवला. त्या घरी जेली करताना अगर-अगर नावाचा समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ वापरत. तो त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळला होता. आपल्याकडे खरवसाला पर्याय म्हणून किंवा पुडिंगसाठी किराणा दुकानातून जे 'चायना ग्रास' आणतात, ते हेच. एकदा घट्ट झाले की ते शरीराच्या उष्णतेला वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना ते खाताही येत नाही. एका गृहिणीची ही सूचना आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते.

हे खाद्य ओतायला झाकणाची उथळ बशी १८८७ साली ज्युलियस रिचर्ड पेट्री यांनी वापरात आणली. झाकण थोडे मोठे असल्यामुळे हवेतील जंतू सहसा आत पडत नाहीत आणि वरून वाढ दिसत राहते. अगरमध्ये मेंढीचे रक्त मिसळले की नाजूक जंतूही वाढतात. पित्तक्षार आणि दुधातील साखर घातली की आतड्यातील जंतू तेवढे वाढतात आणि ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात. क्षयजंतूचे पथ्य आणखी वेगळे. त्याला अंडी घालून केलेले खाद्य लागते.

इनक्युबेटर : उबेची पेटी

पेरलेल्या बश्या इनक्युबेटरमध्ये जातात. ही कोंबडीच्या पंखाखालच्या उबेसारखी ऊब देणारी पेटी असून तिचे तापमान रात्रंदिवस सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या शरीराइतके ठेवतात. रोगजंतूंना माणसाचे शरीर मानवते, म्हणून तेच हवामान त्यांना द्यायचे. वीज गेली आणि पेटी थंड पडली की वाढ रेंगाळते, म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत या पेटीच्या दारावर तापमानाची रोजची नोंद लावलेली असते.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर या पेटीत आहे. एका जंतूची वसाहत नुसत्या डोळ्यांना दिसायची तर त्याची संतती कोटीच्या घरात जावी लागते. त्याला अठरा ते चोवीस तास लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी पेरणी. दुसऱ्या दिवशी वसाहती दिसतात, त्यांची ओळख पटवण्याचे काम सुरू होते आणि औषधांच्या परीक्षेसाठी दुसरी पेरणी होते. तिसऱ्या दिवशी त्या परीक्षेचा निकाल. यात यंत्राला घाई करता येत नाही, कारण वाढायचे काम जंतूचे असते. टायफॉईडसारख्या तापात रक्ताच्या बाटल्या साधारणपणे पाच दिवस उबवतात. क्षयजंतू तर दुप्पट व्हायलाच पंधरा ते वीस तास घेतो. त्यामुळे त्याचे कल्चर द्रवरूप खाद्यात सहा आठवडे आणि घट्ट खाद्यात आठ आठवडे वाट पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' म्हणत नाहीत.

मोठा कुकर आणि परळची एक जुनी गोष्ट

बशी, खाद्य, नळ्या यांवर आधीच जंतू असतील, तर रोग्याचे कोणते आणि बशीचे कोणते हे कसे कळणार? यासाठी ऑटोक्लेव्ह असतो. लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी तो घडवला. आपला प्रेशर कुकर आणि हा ऑटोक्लेव्ह यांचे तत्त्व एकच. दर चौरस इंचाला पंधरा पौंड जादा दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंशांवर जाते आणि पंधरा मिनिटांत जंतू तर मरतातच, पण त्यांची चिवट बीजेही मरतात. साधे पाणी शंभर अंशांवर उकळते आणि तेवढ्याने धनुर्वाताच्या जंतूची बीजे मरतील याची खात्री नसते. पूर्वी दवाखान्यांत स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंज उकळत ठेवलेल्या असत. ती पद्धत मागे पडली हे बरेच झाले.

निर्जंतुकपणात एक क्षण ढिलाई झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. काचेच्या चंबूत मांसाचा अर्क, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब आणि त्या थेंबांना धरून झुंबरासारखी खाली लोंबणारी प्लेगजंतूंची वाढ, अशी त्यांची रीत होती. ते जंतू उष्णतेने मारून लस बनवत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली. त्यांतील एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे पुरावा नीट तपासला तेव्हा वेगळेच दिसले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता त्याच बाटलीच्या बुचाला लावला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. पण १९ माणसे गेली ती गेलीच. मातीला लागलेल्या एका चिमट्याची ही कथा आहे. नमुन्याच्या डबीचे झाकण उघडून आत बोट घालणाऱ्या किंवा घरातील लोणच्याची जुनी बाटली धुऊन आणणाऱ्या रुग्णांना मी ती आवर्जून सांगतो.

सहा मिलिमीटरची चकती

आता तिसऱ्या दिवसाची परीक्षा. रोग्याचा जंतू बशीवर सारखा पसरतात आणि त्यावर निरनिराळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. ही पद्धत बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रमाणित केली. दुसऱ्या दिवशी काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, म्हणजे तेथे जंतू वाढू शकला नाही. काही चकत्यांना तो अगदी खेटून वाढलेला असतो. टेक्निशियन मोजपट्टीने वर्तुळाचा व्यास मोजतो आणि तक्त्याशी ताडून 'संवेदनशील' किंवा 'प्रतिरोधक' असे लिहितो. तुमच्या रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे जी एस आणि आर ही इंग्रजी अक्षरे असतात, ती याच निकालाची. मोठ्या प्रयोगशाळांत हे काम आता यंत्रावरही होते, पण विचार तोच.

या परीक्षेने काय साधते, हे एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. आमच्याच भागातील चाळिशीच्या एका बाईंना सहा महिन्यांत तीनदा लघवीला जळजळ झाली. प्रत्येक वेळी घरच्यांनी दुकानातून आधीच्याच गोळ्या आणल्या आणि बरे वाटताच दोन दिवसांनी बंद केल्या. एकदा गोळ्या चालू असताना त्यांनी कल्चर केले, त्यात काहीच वाढले नाही आणि "संसर्ग नाही" असा सर्वांचा समज झाला. चौथ्या वेळी मी एकही गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यायला लावला. ई. कोलाय निघाला. नेहमीच्या तिन्ही गोळ्यांपुढे 'प्रतिरोधक' होते. मात्र मूत्राशयाच्या संसर्गासाठी गेली कित्येक दशके वापरात असलेल्या एका स्वस्त औषधापुढे 'संवेदनशील' लिहिले होते. त्या औषधाचा पूर्ण क्रम घेतल्यावर बाई बऱ्या झाल्या. कल्चरचे पैसे जास्त वाटतात खरे. पण तीन वेळा वाया गेलेल्या गोळ्या, बुडालेले खाडे आणि सोसलेला त्रास यांचा हिशेब मांडला, तर कल्चरच स्वस्त पडते.

जंतू प्रतिरोधक होण्याचा धोका घरापुरता राहत नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्यानंतर २०१४ पासून अनेक महत्त्वाच्या अँटिबायोटिकची विक्री दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवण्याचा नियम लागू झाला. २०१६ पासून गोळ्यांच्या पाकिटावरील लाल उभ्या रेघेविषयी जागृती सुरू झाली. ती रेघ दिसली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचे नाही, एवढा तिचा साधा अर्थ.

नवी यंत्रे आणि आपल्या नळाचे पाणी

"मग दोन तासांत निदान करणारी यंत्रे आली आहेत ना?" असा प्रश्न सुशिक्षित वाचक विचारतील. होय, आली आहेत. जंतूच्या जनुकाची ओळख पटवणारे सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत क्षयजंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध त्याला लागू पडेल का, हे सांगते. भारतात विकसित झालेले ट्रूनॅट हे छोटे यंत्र तर बॅटरीवर चालते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. सरकारी कार्यक्रमात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात, म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात जायला लाजू नये. परंतु हे यंत्र मेलेल्या जंतूचेही जनुक ओळखते. त्यामुळे उपचार लागू पडतो आहे की नाही, हे पाहायला आजही काचपट्टी आणि कल्चरच लागते.

हीच उपकरणे आपल्या पिण्याच्या पाण्यावरही पहारा ठेवतात. शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेले पाणी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही आढळता कामा नये, असे मानक आहे. नमुना घेण्याच्या निर्जंतुक बाटलीत थायोसल्फेट घातलेले असते. ते पाण्यातील क्लोरीन निकामी करते, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतूंना मारत राहील आणि नळाशी पाणी कसे होते ते कळणार नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणीही दिली. औषध लावलेल्या कागदाच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. ते काळे पडले तर पाणी पिण्याजोगे नाही असे समजायचे. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर पाणी तपासून घ्यायला हरकत नसावी.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे

१. कल्चर सांगितले असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यावा. आधी काही घेतले असल्यास ते लपवू नये, औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे. रोगी अत्यवस्थ असेल तर मात्र उपचार रिपोर्टसाठी थांबवायचे नसतात. अशा वेळी नमुना घेऊन डॉक्टर औषध लगेच सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरजेनुसार बदलतात.

२. लघवीसाठी जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरावी. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतील बाजूस बोट लावू नये.

३. थुंकीसाठी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून बेडका काढावा. हे उघड्यावर, घरातील इतर माणसांपासून दूर करावे. नुसती लाळ चालत नाही.

४. रिपोर्टवर 'संवेदनशील' लिहिलेले औषध स्वतः दुकानातून आणू नये. वय, मूत्रपिंडाची स्थिती, गरोदरपण आणि संसर्गाची जागा पाहून त्यातील योग्य औषध निवडणे हे डॉक्टरांचे काम आहे.

५. जुने रिपोर्ट फायलीत जपून ठेवावेत. मागच्या वेळी कोणता जंतू होता आणि तो कोणत्या औषधाला बधला नव्हता, याची माहिती पुढच्या आजारात पहिल्याच दिवशी उपयोगी पडते.

तेव्हा आता काउंटरवर "तीन दिवसांनी या" असे उत्तर मिळाले तर प्रयोगशाळेवर रागावू नका. तुमचा नमुना त्या वेळी सदतीस अंशांच्या पेटीत असतो आणि त्यातला जंतू स्वतःचे नाव-गाव सांगायला वाढत असतो.